मांजरांची भांडणे आणि घरातल्यांचे हात

वस्तीत मांजर हौसेने येत नाही, बहुतेक वेळा उंदरांमुळे येते. तांदळाची पिशवी कुरतडली जाते, रात्री माळ्यावर धावपळ ऐकू येते, मग ओळखीतले कुणीतरी एक पिल्लू आणून देते. उंदीर कमी होतात, मुलांना खेळगडी मिळतो. वर्षभरात त्या एका मांजरीची तीन मांजरे झालेली असतात : ती स्वतः, तिचा वाढलेला बोका आणि पावसात पत्र्याखाली सापडलेले एखादे परके पिल्लू. खोली दहा बाय बाराची, माणसे पाच, मांजरे तीन. इथपर्यंत कुणाची तक्रार नसते. मग एखाद्या रात्री दोन मांजरे एकमेकांना भिडतात, त्यांच्या ओरडण्याने सगळी गल्ली जागी होते आणि सोडवायला गेलेल्या आईच्या नाहीतर शाळकरी मुलाच्या मनगटातून रक्त येते.

आरोग्याच्या पानावर मांजरांचा विषय घेण्याचे कारण ते रक्त आहे. आज घरात कुणाला चावा बसला असेल तर मधला मजकूर सोडून लेखाचा शेवटचा भाग आधी वाचावा आणि दवाखाना गाठावा. बाकीच्यांनी सुरुवातीपासून वाचावे, कारण बहुतेक भांडणे थांबवता येतात आणि त्याला फारसा खर्चही लागत नाही.

ती भांडतात का?

कुत्रा हा टोळीने राहणारा प्राणी आहे. मांजराचे तसे नाही. ते एकट्याने शिकार करते आणि आपल्यापुरता इलाखा राखते. आई-मुलगी, एका वितीतल्या बहिणी अशा नात्यातल्या माद्या बऱ्याचदा गुण्यागोविंदाने राहतात, पण अनोळखी मांजराला ती सहसा सोबती मानत नाहीत. तरीही मोकळ्या जागेत दोन मांजरांची मारामारी आपल्याला वाटते तितकी होत नाही. एकट्याने शिकार करणारा प्राणी जखमी झाला तर उपाशी मरतो, म्हणून मांजर भांडण शक्यतो टाळते. एक सकाळी ज्या भिंतीवरून जाते, त्याच भिंतीवरून दुसरे दुपारी जाते. समोरासमोर आलीच तर एक बसून राहते, दुसरे वाट बदलते.

आपल्या खोलीत नेमकी हीच सोय नसते. वाट बदलायला दुसरी वाट नाही, लपायला कोपरा नाही, जेवणाची ताटली एक आणि ती ओट्याखाली अडचणीत ठेवलेली. घाबरलेल्या मांजराला मागे सरता आले नाही की ते पुढे येते. लोक त्याला माजोरी म्हणतात, दुष्ट म्हणतात, चपलेने मारतात. मारल्याने ते आणखी घाबरते, शिवाय तो मार आणि समोरचे मांजर यांची सांगड त्याच्या डोक्यात पक्की बसते. उद्या ते दुसरे मांजर नुसते दिसले तरी याचे कान मागे जातात. भांडणाच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती असते. ती मार देऊन जात नाही.

पहिली खूण बारीक असते आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही. एक मांजर मोरीच्या तोंडाशी किंवा जिन्याच्या पायरीवर नुसते बसून राहते आणि दुसऱ्याकडे टक लावून बघते. आवाज नाही, पंजा नाही. दुसरे मात्र तिथून जायचे टाळते, उशिरा जेवते, माळ्यावरून खाली उतरत नाही, शेवटी कपड्यांच्या गाठोड्यावर लघवी करते. आपण ओरडतो त्या लघवी करणाऱ्यावर आणि वाट अडवून बसलेले शहाणे ठरते. पिल्लांच्या कुस्तीला मात्र भांडण समजू नये. खेळात नखे आत असतात, आवाज नसतो, आळीपाळीने एक वर आणि एक खाली होते. फिस्कारणे, घशातून लांब ओरडणे, शेपटी फुलणे, कान डोक्याला चिकटणे आणि केसांचे पुंजके उडणे असे दिसले की ते खेळणे नव्हे.

कालपर्यंत एकत्र झोपणारी मांजरे आज अचानक का भांडतात, हा प्रश्न नेहमी येतो. एक कारण असे : दाराच्या फटीतून बाहेरचा बोका दिसला, दिवाळीत लवंगी माळ फुटली किंवा जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे गल्लीतून गेला. मांजर भेदरते, अंगात भीती आणि राग दोन्ही चढतात, पण ज्याचा राग आला तो हाताशी नसतो. मग शेजारी बसलेल्या मांजरावर झडप पडते. वड्याचे तेल वांग्यावर निघते, तसेच. वाईट हे की ज्याने मार खाल्ला त्याला आणि ज्याने मारले त्याला, दोघांनाही पुढे एकमेकांचीच धास्ती राहते. मिरवणूक विसरली जाते, भांडण राहते.

दुसरे कारण वासाचे. मांजर एकमेकांना डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखते. एकाला दवाखान्यात नेऊन आणले की त्याच्या अंगाला औषधाचा, स्पिरिटचा, परक्या जनावरांचा वास लागतो आणि घरातले दुसरे मांजर त्याला ओळखतच नाही. अशा वेळी आणलेल्या मांजराला काही तास, जमल्यास रात्रभर वेगळे ठेवावे. ते स्वतःला चाटून घेते आणि घरचा वास परत येतो.

तिसरे कारण वयाचे. पिल्लूपणी एका ताटलीत खाणारी दोन भावंडे दीड-दोन वर्षांची झाली की आपापला इलाखा मागू लागतात.

चौथे कारण दुखण्याचे, आणि हे बघायचे राहून जाते. शांत मांजर अचानक अंगावर येऊ लागले तर आधी ते आजारी नाही ना ते पाहावे. दात किडलेला असतो, हिरडी सुजलेली असते, म्हाताऱ्या मांजराचे सांधे धरलेले असतात, जुन्या चाव्याच्या जागी कातडीखाली गळू झालेले असते. बोका घडोघडी मातीवर बसतो, कण्हतो आणि लघवी मात्र होत नाही, असे दिसले तर उद्याची वाट बघू नये. लघवी अडलेला बोका एक-दोन दिवसांत मरू शकतो.

खोली तीच, मांडणी वेगळी

मोठे घर हा यावरचा उपाय नव्हे, आणि तो आपल्या हातातही नाही. आहे त्या खोलीत प्रत्येक मांजराला दुसऱ्यापासून दूर होता येईल अशी जागा करणे हातात आहे.

सुरुवात ताटल्यांपासून करावी. जितकी मांजरे तितक्या ताटल्या, आणि त्या ओळीने मांडू नयेत. एक ओट्याखाली, एक दाराजवळ, एक माळ्यावर. खाताना एकाला दुसरे दिसू नये. भात आणि सुकटीचे कालवण तेच, फक्त जागा तीन. पाण्याची वाटीही एकाहून जास्त ठिकाणी ठेवावी.

मग उंची. जमिनीवर जागा नसली तरी भिंतीवर असते. कपाटाच्या वर एक खोका, भिंतीला एक फळी, माळ्याच्या कडेला जुनी गोधडी घातलेली टोपली. वर चढलेल्या मांजराला सुरक्षित वाटते. खोका ठेवताना त्याला दोन्ही बाजूंनी भोके पाडावीत. एकच तोंड असलेल्या खोक्यात शिरलेले मांजर आत कोंडले जाते, आणि बाहेर दुसरे वाट अडवून बसते.

शौचाची जागा हे भांडणाचे मोठे मूळ आहे. जितकी मांजरे त्याहून एक जास्त, असा पशुवैद्यकांचा सल्ला असतो. तीन मांजरांना चार घमेली हे आपल्या खोलीत कुठे बसणार? ज्यांची मांजरे बाहेर जाऊन येतात त्यांचे दोनवर भागते, पण ती दोन खोलीच्या दोन टोकांना हवीत. शेजारी शेजारी ठेवलेली दोन घमेली मांजराच्या लेखी एकच. बाजारातली महाग वाळू लागत नाही. चार बोटे रेती, कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा चालतो. घाण रोज काढावी. मांजराने दुसरीकडे लघवी केली तर ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, फिनाईल वापरू नये. पायाला लागलेले फिनाईल मांजर चाटते, आणि ते त्याला विषारी आहे.

दिवसातून दोनदा दहा मिनिटे दोरीला चिंधी बांधून प्रत्येक मांजराला वेगवेगळे खेळवावे आणि लगेच खायला द्यावे. पाठलाग, झडप, मग जेवण, हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. दिवसभर बसून असलेले तरणे मांजर तो क्रम दुसऱ्या मांजरावर पुरा करते. हे काम मुलांकडे द्यावे. एक सांगावे, की चिंधी हलवायची, बोटे नाहीत. हाताशी खेळायला शिकलेले पिल्लू मोठेपणी हातालाच चावते.

एवढे करूनही रोज रक्त निघत असेल तर त्यांना काही दिवस पूर्ण तोडावे लागते. दुसरी खोली नसते हे गृहीत धरूनच सांगतो. मोरीला दार असेल तर मोरी, नाहीतर कुणाकडून मागून आणलेला मोठा पिंजरा, त्यावर चादर, आत पाणी आणि मातीचे टोपले. पिंजऱ्यात एकच मांजर सतत कोंडू नये, आलटून पालटून ठेवावे. नात्यात कुणाकडे जागा असेल तर एकाला आठवडाभर तिकडे ठेवले तरी चालेल. ज्यांची मांजरे बाहेर फिरतात त्यांना वेळ वाटून देता येतो : एक आत असताना दुसरे बाहेर. मोकळ्या जागेत ती स्वतः हेच करतात.

तोडल्यावर जोडायचे नाकाने. एका मांजराच्या गालावरून कोरडे फडके फिरवावे आणि ते दुसऱ्याच्या ताटलीखाली घालावे. दुसऱ्याचे पहिल्याकडे. फडके हुंगून न फिस्कारता ते जेवू लागले की अंथरुणे बदलावीत. मग बंद दाराच्या किंवा झाकलेल्या पिंजऱ्याच्या दोन बाजूंना जेवण द्यावे. आधी लांब, रोज वीतभर जवळ. पुढे चादर थोडी वर करावी, दोघे एकमेकांना पाहतील पण आवडीचे खाणे समोर असेल. सुकट नाहीतर बोंबलाचे तुकडे याच वेळेसाठी राखून ठेवावेत. पाच मिनिटे शांततेत गेली की संपवावे. लोभाने वाढवू नये. कुणी टक लावून बघू लागले, शेपूट आपटू लागले, तर दोन पायऱ्या मागे जावे. कुणाकडे हे दोन आठवड्यांत होते, कुणाकडे तीन महिने जातात. काही जोड्या जमतच नाहीत. अशा वेळी एकाला दुसरे चांगले घर बघून देणे योग्य. पोत्यात घालून बाजारात किंवा नाल्यापलीकडे सोडणे हा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे गुन्हा आहे.

नसबंदीचा प्रश्न

बोक्यांची भांडणे आणि भिंतीवर पिचकारी मारणे यांना सर्वांत चांगला आळा नसबंदीने बसतो. परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, काही आठवडे लागतात. पिल्लू चार-सहा महिन्यांचे झाले की पशुवैद्यकाला विचारावे. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते आणि जेमतेम दोन महिन्यांत विते, म्हणून ‘एकदा तरी विऊ द्यावी’ या सल्ल्यात काही अर्थ नाही. तिच्या आरोग्याला त्याची गरज नसते, आणि घरात आणखी चार मांजरे वाढली की भांडणे वाढतात. नसबंदी केलेले मांजर उंदीर मारत नाही, हाही गैरसमज. शिकार पोटाशी आणि खेळाशी जोडलेली असते, माजाशी नाही.

खाजगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. गावाकडे जिल्हा परिषदेचे दवाखाने आहेत. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातले, लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते जनावरांचे रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्याच फेरीत रेबीजची लस टोचून घ्यावी. पहिली लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, नंतर डॉक्टर सांगतील तशी, साधारणपणे दरवर्षी.

मांजराला शांत करायला घरातली औषधे कधीही देऊ नयेत. ताप-डोकेदुखीची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. बाळाला झोप लागावी म्हणून उगाळतात ते जायफळही नको. शांत करणारी औषधे असतात, पण ती पशुवैद्यकाने तपासून द्यायची.

भांडण चालू असताना

हात घालायचा नाही. पायही नाही. चवताळलेल्या मांजराला त्या क्षणी आपले माणूस ओळखू येत नाही. ताटावर पळी आपटून मोठा आवाज करावा, दोघांच्या मध्ये पाट, पुठ्ठा किंवा उशी सरकवावी, नाहीतर एकावर जाड गोधडी टाकावी. वेगळी झाली की उचलून कुरवाळू नये. ज्याचे केस अजून फुललेले आहेत त्याला अंधाऱ्या शांत जागी पाणी आणि मातीसह एकटे सोडावे. राग उतरायला काही तास लागतात, कधी एक-दोन दिवसही. ‘अरे, मैत्री करा’ म्हणून लगेच दोघांना समोरासमोर धरणे ही मोठी चूक आहे. लहान मुलांना याची आधीच ताकीद द्यावी, कारण लाडक्या मांजराला वाचवायला पहिला हात त्यांचाच जातो.

चावा बसला तर

मांजराचे सुळे सुईसारखे असतात. वर ठिपक्याएवढी जखम दिसते, पण तोंडातले जंतू खोल मांसात, कधी सांध्यापर्यंत गेलेले असतात. म्हणून मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्यापेक्षा लवकर पिकतो. बोटावर किंवा मनगटावर चावा असेल, आणि त्यातून मधुमेही, म्हातारे माणूस किंवा लहान मूल असेल, तर सूज येण्याची वाट बघू नये.

सर्वांत आधी धुणे. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे, घड्याळ लावून. नळाला पाणी नसेल तर ड्रममधले पाणी तांब्याने सतत ओतत राहावे. पिण्याचे पाणी संपेल म्हणून यात काटकसर करू नये, कारण रेबीजचे विषाणू कमी करण्याचा हा घरात करता येण्याजोगा सर्वांत मोठा उपाय आहे. हळद, चुना, तिखट, तंबाखू, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. घट्ट पट्टी बांधू नये.

मग त्याच दिवशी सरकारी रुग्णालय. मांजर घरचे आहे, त्याला लस दिलेली आहे, नुसते बोचकारले आहे, असे म्हणून घरी थांबू नये. रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजराच्या चाव्यातून आणि ओरखड्यातूनही होऊ शकतो, आणि लक्षणे सुरू झाल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर हा आजार टळतो. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अजून जुन्या माणसांच्या मनात आहे. ती लस केव्हाच बंद झाली. आता दंडात देतात : कातडीत द्यायची असेल तर पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. स्नायूत द्यायची असेल तर यात चौदाव्या दिवसाची भर पडते. दिवस मोजताना पहिले इंजेक्शन घेतला तो शून्यावा दिवस धरतात. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते मिळाले का, हे स्वतः विचारून घ्यावे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि तान्हे बाळ यांनाही ही लस देता येते. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि जंतुनाशक गोळ्या लागतील का, तेही त्याच वेळी विचारावे. आधी कधी लसीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर तो कागद सोबत न्यावा. अशा माणसाला कमी डोस पुरतात.

चावलेल्या मांजराला हाकलून देऊ नये आणि मारूही नये. त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचे असते. दहा दिवस ते खाऊन-पिऊन धडधाकट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे धरता येते, आणि पुढची इंजेक्शने किती हे डॉक्टर त्यावरून ठरवू शकतात. मांजर पळवून लावले तर ही माहितीच हातची जाते. मात्र दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ, असे करायचे नाही. लस आज सुरू, मांजरावर नजरही आजपासून. या काळात ते अकारण अंगावर येऊ लागले, आवाज बदलला, लाळ गळू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा मेले, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे.

बोचकारल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत गाठ आली, बारीक ताप राहिला, तर दवाखान्यात मांजराने बोचकारल्याचे आठवणीने सांगावे. ओरखड्यातून होणारा एक वेगळा जंतुसंसर्ग असा दिसतो आणि पिसवांमुळे तो मांजरांत पसरतो, म्हणून पिसवांचा बंदोबस्तही पशुवैद्यकाकडून करून घ्यावा. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची माती बदलण्याचे काम दुसऱ्या कुणी करावे. विष्ठेतल्या टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा धोका गर्भाला असतो, पण तो जंतू बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो. रोजच्या रोज घाण काढली तर हा धोका बराच कमी होतो. दुसरे कुणी नसेलच, तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून काढावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.